काट्याला ओळख नसते

आमच्या सोसायटीत कुणाला बाळ झालं की बाकीचे लोक विचारायचे, मुलगा की मुलगी? तळमजल्यावरचे काका विचारायचे, "किती भरलं?" समोरच्यानं "तीन किलो असेल" असं म्हटलं, की काकांचा चेहरा आंबट व्हायचा. "असेल म्हणजे? हॉस्पिटलात काटा नव्हता का?" बाळाचा बाप गडबडून पेढ्यांचा पुडा पुढे करायचा. काका तो तळहातावर दोनदा झेलून म्हणायचे, "खोक्यासकट तोलून दिलाय तुम्हाला. चाळीस ग्रॅम पुठ्ठा आहे यात. अभिनंदन."

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांना कुणी कळवली नसावी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाऐवजी एक छोटा स्प्रिंगचा ताणकाटा, त्याचा हूक खिशाबाहेर लोंबणारा. बिबवेवाडीच्या भाजीबाजारात ते शिरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत "साहेब आले, साहेब आले" अशी कुजबुज जायची आणि काटे आपोआप सरळ व्हायचे. तरीही काका प्रत्येक ठिकाणी पारडं उचलून उलटं करून बघायचेच. बुडाला चिंचेचा गोळा चिकटवून गिऱ्हाइकाला लुबाडणारे त्यांनी नोकरीत पुष्कळ पकडले होते. "माणसाचा चेहरा नाही, पारड्याचं बूड बघावं," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं आवडतं वाक्य, "काट्याला ओळख नसते."

एकदा एका भाजीवाल्या मावशींनी भीतीपोटी त्यांच्या पिशवीत कोथिंबिरीची जास्तीची जुडी टाकली. काकांनी ती काढून परत ठेवली. मावशी म्हणाल्या, "असू द्या की साहेब." काका म्हणाले, "कमी देणं ही चोरी आणि जास्त घेणं हीसुद्धा चोरीच. फक्त दुसरीत दोघंही हसत असतात."

'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. आणि नियतीचा विनोद असा की काकूंचा सगळा स्वयंपाक अंदाजानं चालायचा. आमटीत गूळ किती, विचारलं तर काकू हवेत बोटं चिमटीसारखी धरून "एवढा" म्हणायच्या. काकांनी लग्नानंतर मापाचे चमचे आणून दिले होते. ते काकूंनी देव्हाऱ्यात पळी-पंचपात्रीशेजारी ठेवले. "चाळीस वर्षं माझ्या अंदाजाचं जेवताय," काकू म्हणायच्या, "कधी कमी भरलं का?" यावर काका दुसऱ्यांदा आमटी वाढून घ्यायचे.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि रेसच्या गाड्या चालवत होते. नातेवाईक आईला विचारायचे, "मुलगी काय करते?" आई म्हणायची, "गाडी चालवते." मग दबक्या आवाजात, "स्कूल व्हॅन का?" बाबांचं बिबवेवाडीत गॅरेज होतं. त्यांनी आणि इक्बालभाईंनी, म्हणजे आमच्या मुख्य मेकॅनिकनी, एक जुनी एकआसनी रेसची गाडी आणून खोलून नवी केली होती. हिला छप्पर नाही, चाकं उघडी, आणि आत बसायचं म्हणण्यापेक्षा आडवं व्हायचं. ज्युनियर गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत सगळ्यांच्या गाड्या अशाच, सगळ्यांची इंजिनं सारखी. फरक पडतो तो चालवणाऱ्यानं. वर्षभरात पाच फेऱ्या, सगळ्या दक्षिणेत, आणि पाचांचे गुण मिळवून जो पहिला येईल त्याला पुढच्या वर्षी वरच्या गटात गाडी, टीम, सगळं आयोजकांकडून. आमच्यासाठी सगळं त्यावरच होतं. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आपल्या जिवावर हे एकच वर्ष. पुढचं तू जिंकून आण, नाहीतर बी.कॉम."

पहिल्या फेरीत मी दुसरी आले. हेल्मेटच्या आत ओरडून घसा बसला. आणि मग आमची गाडी काट्यावर गेली. नियम असा की रेस संपल्यावर गाडी आणि चालवणारा, दोघं मिळून ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरता कामा नये. हलकी गाडी जास्त पळते, म्हणून. आम्ही चारशे ग्रॅम कमी भरलो. दुसरा नंबर गेला. मी सडपातळ, म्हणून गाडीच्या तळाला शिशाच्या पट्ट्या बसवाव्या लागायच्या, आणि त्या बाबांनी अंदाजानं बसवल्या होत्या.

परत आल्यावर सगळी सोसायटी समजूत घालायला आली. "हरणं-जिंकणं चालायचंच", "बारावीकडे लक्ष दे", वगैरे. काका शेवटी आले आणि दारातूनच म्हणाले, "किती कमी भरलं?"

"चारशे ग्रॅम," मी रडत म्हटलं.

"नक्की चारशे? की चारशेच्या आसपास?"

मला इतका संताप आला की रडू थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गॅरेजमध्ये हजर. बरोबर लाल मखमल लावलेली लाकडी पेटी, जुन्या बाजारातून जमवलेली पितळी वजनं, पाच ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत. पाठोपाठ हातगाडीवर एका बंद पडलेल्या भुसार दुकानातला मोठा काटा आणि एक छोटा दोन पारड्यांचा तराजू. बाबांना म्हणाले, "मालक, आपण इंजिन बघा. वजनात पडू नका. तो आपला प्रांत नाही."

त्या दिवसापासून माझ्या आयुष्याचा तराजू झाला. रोज सकाळी सात वाजता गॅरेजमध्ये माझं वजन. आई म्हणाली, "वयात आलेल्या मुलीचं वजन असं चारचौघांत?" काका म्हणाले, "वहिनी, वजन ड्रायव्हरचं होतंय. मुलगी घरी घेऊन जा." वही घातली होती. तीत माझी पाणीपुरी, माझे कापलेले केस, माझी सर्दी, सगळं ग्रॅममध्ये. गणपतीत पाचवा मोदक उचलला तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाहून आवाज आला, "पासष्ट ग्रॅम." मी तो खाल्ला, पण त्याची चव राहिली नाही.

मग घामाचा प्रयोग. रेसमध्ये घाम किती जातो ते काढायला काकांनी मला रेसचा जाड पोशाख, हातमोजे, हेल्मेट चढवून पत्र्याच्या शेडमध्ये अर्धा तास बसवलं आणि आधी-नंतर तोललं. "नऊशे दहा," ते आनंदानं ओरडले. इक्बालभाई पाना खाली ठेवून म्हणाले, "साहेब, पोरगी सुकत चाललीय, आता पाठीवर शिक्का पण मारून टाका." काकांनी त्यांच्याकडे गंभीरपणे बघून सांगितलं, "शिक्का फक्त काट्यावर मारतात, वस्तूवर नाही."

दुसऱ्या फेरीला काका आमच्याबरोबर आले. आगगाडीतून, मांडीवर पितळी वजनांची पेटी घेऊन. ट्रॅकचा आवाज त्यांना चालला, उन्हाचं काही वाटलं नाही. पण मी त्यांना एक गुपित सांगितलं आणि पस्तावले. रेस संपल्यावर काट्याकडे येताना ड्रायव्हर मुद्दाम कडेकडेनं गाडी आणतात. तिथे टायरच्या रबराचे तुकडे पडलेले असतात, ते चाकांना चिकटतात, पाव-अर्धा किलो वजन वाढतं.

"म्हणजे तांदळात खडे," काका म्हणाले.

"काका, सगळेच करतात!"

"सगळेच करायचे. म्हणून तर मला नोकरी होती."

झालं. त्या वर्षी रेस संपवून स्वच्छ रस्त्याच्या मधोमध, नव्या नवरीसारखी हळू चालत काट्याकडे येणारी एकच गाडी होती, आणि ती माझी. पण खरं सांगते, मजा यायला लागली होती. वजनाची धाकधूक गेल्यावर मी नुसती गाडी पळवायला लागले. दुसऱ्या फेरीत दुसरी, तिसरीत पहिली, चौथीत पहिली. काट्यावर आमची गाडी चढली की काका पाठ करून उभे राहायचे आणि आकडा दिसायच्या आत स्वतःच मोठ्यानं सांगायचे. पन्नास ग्रॅमच्या वर चुकले नाहीत. दुसऱ्या टीमचे मेकॅनिक हे बघायला गर्दी करायचे, मग टाळ्या वाजवायचे, आणि काका टाळ्यांकडे दुर्लक्ष करायचा फार वाईट अभिनय करायचे.

शेवटच्या फेरीला आम्ही दोघंच उरलो. मी आणि बेंगळुरूचा एक लांबटांग्या मुलगा. आम्हा दोघांत जो पुढे येईल तो वर्षाचा विजेता, इतका साधा हिशोब.

शुक्रवारी सरावानंतर, सक्ती नसतानाही, आमची गाडी काट्यावर चढली. काकांनी पाठ करून आकडा सांगितला. काटा सातशे ग्रॅम कमी म्हणाला. त्यांचा आकडा पहिल्यांदाच चुकला होता. त्यांचं तोंड असं पडलं, की इक्बालभाईंना चेष्टा सुचेना. गाडी तीच, मी तीच, वहीत मी पोटभर जेवलेली. रात्री जेवताना ते म्हणाले, "वय झालं माझं." मग त्यांनी सातशे ग्रॅमची शिशाची पट्टी स्वतःच्या हातानं तोलून गाडीत बसवून घेतली. काटा आयोजकांचा, चकचकीत, चार चाकांखाली चार पाट, वर फ्रेममध्ये लावलेलं प्रमाणपत्र. आयुष्यभर भाजीवाल्यांची पारडी उलटी करणाऱ्या माणसानं तो पाट उलटा करून बघितला नाही. गणवेशातल्या माणसाचा काटा बघायचा नसतो, अशी कुठली तरी जुनी सरकारी अदब आड आली.

रविवारच्या रेसबद्दल मी अजून झोपेत बोलते म्हणतात. ट्रॅकच्या वीस चकरा तो माझ्यापुढे आणि मी त्याच्या मागे, इतकी जवळ की त्याच्या हेल्मेटवरचा ओरखडा मला पाठ झाला. शेवटच्या वळणावर मी आत घुसले, चाकाला चाक लागेल अशी, आणि दोन हातांनी हरले. दोन हात म्हणजे खरंच दोन हात, अंदाजे नाही.

मी गाडीतून उतरले, बाबांनी मिठी मारली, आणि "बी.कॉम.मध्येही रस्ते असतात" असलं काहीतरी ते म्हणत होते, तोच काट्याजवळ गलका झाला. बेंगळुरूवाल्याची गाडी चारशे ग्रॅम कमी! बाद! आमची भरली होती वजनात. म्हणजे मी पहिली. म्हणजे मी विजेती!

पुढचा पाव तास मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतो. इक्बालभाई रडत होते. बाबा, जे स्वतःच्या लग्नातही नाचले नव्हते, ते टायरच्या ढिगावर चढून नाचत होते. कुणीतरी आमच्या गळ्यात झेंडूचे हार घातले. मी आईला फोन लावला आणि दोघी नुसत्या किंचाळलो. कोपऱ्यात बेंगळुरूचा मुलगा जमिनीवर बसला होता, हेल्मेट मांडीवर घेऊन, आणि त्याच्याकडे बघायचं मी टाळलं.

काका कुठे दिसेनात. मग दिसले. काट्याजवळ उकिडवे.

"काका, चला ना!" मी ओरडले.

ते वर न बघता म्हणाले, "आपली गाडी शुक्रवारी सातशेनं कमी. त्याची आज चारशेनं कमी. दोन माणसं एकाच काट्यावर एकदम कशी चुकतील? माणसं चुकली नाहीत."

मला सगळं कळलं आणि मी मनात म्हटलं, देवा, यांना आत्ताच्या आत्ता चक्कर येऊ दे.

त्यांना चक्कर आली नाही. त्यांनी काट्यावरच्या अधिकाऱ्याला सरकारी इंग्रजीत सांगितलं, "सर, काइंडली चेक द पॅन." अधिकारी हसले. काकांनी पेटीतून वीस किलो काढून चारही पाटांवर पाळीपाळीनं ठेवले. एका पाटावर शंभर-सव्वाशे ग्रॅमचा फरक आला. अधिकारी म्हणाले, एवढं चालतं. काकांनी इकडेतिकडे बघितलं. जड आणि न बदलणारं असं काहीतरी त्यांना हवं होतं.

"मालक, जरा इकडे या."

बाबा नाचत नाचत आले.

"हार काढा."

बाबांनी हार काढला. काकांनी त्यांना चारही पाटांवर एकेक करून उभं केलं. पहिल्यावर बाबा चौऱ्याऐंशी किलो. दुसऱ्यावर चौऱ्याऐंशी. तिसऱ्यावर चौऱ्याऐंशी. चौथ्यावर साडेत्र्याऐंशी. बाबांना तोवर कळलं होतं. ते त्या चौथ्या पाटावर फोटोतल्यासारखे स्तब्ध उभे होते, आणि मला वाटतं, आपण अर्धा किलो वाढावं म्हणून प्रार्थना करत होते.

पाट उलटा केला. बुडाच्या फटीत टायरचा काळा रबरी तुकडा घट्ट दाबून बसला होता. कुणाच्या तरी चाकाला चिकटून आलेला, भार काट्याऐवजी जमिनीवर देणारा. काकांनी तो खिशातल्या ताणकाट्याच्या हूकनं काढला, नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "चिंच."

बेंगळुरूवाल्याची गाडी पुन्हा तोलली. ठरलेल्या वजनापेक्षा तीनशे ग्रॅम जास्त. तो विजेता झाला. तो धावत आला आणि काकांच्या पाया पडला. काका त्याला म्हणाले, "तीनशे ग्रॅम फुकट वाहतोयस. पुढच्या वेळी काढ."

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे आहात?" मी सगळ्यांसमोर ओरडले. मी त्यांच्याशी अशी कधीच बोलले नव्हते.

"माझंच चुकलं," काका म्हणाले. "शुक्रवारीच बूड बघायला हवं होतं."

एवढंच. माफी मागितली तीही भलत्याच गोष्टीची. परतीच्या गाडीत आम्ही चौघं समोरासमोर बसून पूर्ण एक दिवस एकमेकांशी बोललो नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता. त्याहून जास्त राग याचा आला होता, की कितीही उलटसुलट विचार केला तरी ते बरोबर होते. त्या मुलाचा हेल्मेट मांडीवर घेतलेला चेहरा मला दिसत राहायचा, आणि काकांनी तोंड मिटून ठेवलं असतं तर तो जन्मभर दिसला असता.

मी दोन महिने बोलले नाही. काका रोज सात वाजता गॅरेजमध्ये यायचे, रिकाम्या काट्याशेजारी बसून पेपर वाचायचे आणि साडेसातला जायचे. एक दिवस बाबा चहा पिता पिता म्हणाले, "आणखी एक वर्ष काढू कसंतरी." मी उठले, गॅरेजमध्ये गेले आणि न बोलता काट्यावर उभी राहिले. काकांनी पेपरची घडी घातली. "दीड किलो वाढलीस," ते म्हणाले. "दुःखात लोक वाळतात असं ऐकलं होतं."

आणि पुढच्याच आठवड्यात आयोजकांचं पत्र आलं. काकांनी त्यांना काट्यांच्या व्यवस्थेतल्या दोषांवर अकरा पानी पत्र पाठवलं होतं. त्यांनी उत्तर दिलं की आपणच येऊन वर्षभर काटा सांभाळा. काकांनी त्याच दिवशी पितळी पेटी, तराजू आणि माझी वही आमच्याकडे सोडली आणि गॅरेजची पायरी चढायचं बंद केलं. "आता हितसंबंध येतात," म्हणाले. आमच्या घरचा चहासुद्धा घेईनात. दिवाळीचा फराळ परत पाठवला. काकूंनी तो मागच्या दारानं घेतला.

त्या वर्षी ट्रॅकवर नारिंगी जाकीट घातलेले काका मला 'अहो-जाहो' करायचे. "सात नंबर, हेल्मेटसह उभं राहावं. आपण हलू नये." आधी चारही पाट उलटे करून बुडं बघायचे, मगच गाडी चढवू द्यायचे. मी नियमानं खाल्लं, नियमानं घाम गाळला, रस्त्याच्या मधोमध आले. आणि जिच्यावर वर्ष ठरणार होतं ती शेवटची रेस मी जिंकले. चार गाड्यांच्या लांबीनं! बाबा हार घेऊन उभे होते, पण गळ्यात घालायची त्यांची छाती होईना. काकांनी मला तीनदा तोललं. तीनदा आकडा लिहिला. सही केली. मग बाबांकडे वळून म्हणाले, "घाला."

जाकीट काढून घडी करून, ते रीतसर हितसंबंधांत परत आले आणि त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेला पुडा काढला. "काकूनं दिलेत. बेसनाचे."

"किती आहेत?" मी सवयीनं विचारलं.

काका दुसरीकडेच बघत होते. त्यांचे डोळे ओले होते. "असतील," ते म्हणाले. "पाव किलो. अंदाजे."

इक्बालभाईंच्या हातातला पाना पडला. "या अल्ला," ते म्हणाले, "साहेब अंदाजे म्हणाले!" आणि मी भोकाड पसरलं.

आता मी वरच्या गटात गाडी चालवते. काका विश्रांतवाडीला लेकीकडे राहतात, आणि तिथल्या भाजीवाल्यांची मला काळजी वाटते. पण त्या पुड्याचं सांगायचं राहिलं. तो मी पूर्ण प्रवासात कुणाला सोडू दिला नाही. पुण्याला पोचल्यावर गॅरेजमध्ये एकटीनं उघडला. आत पाच आखे लाडू होते आणि एक मोडून अर्धा केलेला. काकू जन्मात कुणाला अर्धा लाडू देणार नाहीत. मी जरा वेळ त्या अर्ध्या लाडवाकडे बघत बसले. मग काकांचा तराजू काढला, सवयीनं दोन्ही पारड्यांची बुडं बघितली. एका पारड्यात पाव किलोचं पितळी वजन ठेवलं आणि दुसऱ्यात, कागद काढून, लाडू.

काटा मधोमध येऊन थांबला. केसभरही हलला नाही.

तेवढ्यात बाबा आत आले. "किती भरले गं?" म्हणाले.

मी लाडू चटकन उचलले. "पाव किलो," मी म्हटलं, "अंदाजे," आणि तो अर्धा तोंडात टाकला.